एका अक्षराचा प्रवास : सिकलसेलच्या जनुकाचे मूळ आणि इतिहासाचे नवे साधन

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, फर्माने, बखरी आणि दप्तरखान्यातील रुमाल आपल्यासमोर येतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत या यादीत आणखी एका साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे माणसाच्या पेशीत असलेला डीएनए. तो वाचायला प्रयोगशाळा लागते, आणि हजारो माणसांचे वाचलेले डीएनए एकमेकांशी ताडून पाहायला संगणक लागतो. या दुसऱ्या कामाला जैवमाहितीशास्त्र असे म्हणतात. प्रस्तुत लेखात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे उदाहरण घेऊन या शास्त्राने एका रोगकारक बदलाचे मूळ कसे शोधले, त्याची उत्तरे वेळोवेळी का बदलली आणि त्या उत्तरांचा उपयोग शिक्षकाने कसा करावा, याचा विचार केला आहे.

हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेशातील झाबुआ व लगतचे जिल्हे, दक्षिण गुजरात आणि छत्तीसगड या पट्ट्यात हा आजार पुष्कळ आढळतो. या भागांतून शिकायला आलेले विद्यार्थी आपल्याही वर्गात असतात. त्यांच्यापैकी कोणी 'हा आजार आमच्यातच का?' असे विचारले, तर त्याला अर्धवट उत्तर देणे हे उत्तर न देण्याहून वाईट ठरते.

रोगाची ओळख

इ. स. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल नसून विळ्याच्या आकाराच्या दिसत होत्या. इंग्रजीत विळ्याला जो शब्द आहे त्यावरून पुढे आजाराला सिकलसेल हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना होतात, रक्त कमी होते, प्लीहा आणि इतर अवयवांना इजा होते.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतप्रवाहात वेगळ्या तऱ्हेने सरकते हे दाखवून दिले. एखादा आजार एका रेणूतील दोषातून उद्भवतो, हे त्यामुळे प्रथमच इतके स्पष्ट झाले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा हिशेब मांडला. आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत मिळाली तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच मिळाली तर ते वाहक होते आणि सहसा निरोगी राहते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

नेमका दोष कोणता, याचे उत्तर व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये दिले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. डीएनएच्या भाषेत सांगायचे तर 'जीएजी' या तीन अक्षरांच्या शब्दाचा 'जीटीजी' होतो. मधले एकच अक्षर बदलते, आणि एवढ्यानेच पेशीचा आकार पालटतो.

येथे शब्दांच्या वापराविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण सोयीसाठी 'सिकलसेलचे जनुक' म्हणतो, परंतु बीटा ग्लोबिनचे जनुक हे काही रोगासाठी निर्माण झालेले नाही. प्राणवायू वाहून नेणारे हे जनुक सर्व माणसांत आहे आणि त्याची वंशावळ फार जुनी आहे. अल्फा आणि बीटा ही हिमोग्लोबिनची दोन घराणी एका समान पूर्वज जनुकाची दुहेरी प्रत निघून वेगळी झाली. ही घटना सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते. आपल्याला शोधायचे आहे ते त्या जनुकाचे मूळ नव्हे, तर त्यातील एका बदललेल्या अक्षराचे.

चूक टिकून का राहिली?

रुग्ण मुले पूर्वी बहुधा लहानपणीच दगावत. असे असता हा बदल काही पिढ्यांतच नाहीसा व्हायला हवा होता. उलट आफ्रिकेच्या काही भागांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या कोड्याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या कामातून १९५४ मध्ये मिळाले. वाहक व्यक्तींना फाल्सिपेरम जातीच्या घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, असे त्यांनी दाखवले. मलेरियाच्या प्रदेशात वाहक जास्त जगले, म्हणून बदललेले अक्षरही टिकले. दोन प्रती मिळालेल्यांनी मात्र त्याची किंमत मोजली. १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी यात इतिहासाचा धागा गुंफला. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती सुरू झाली, वस्ती दाट झाली, डासांना साचलेले पाणी मिळाले आणि त्यामुळे मलेरिया वाढला, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे रक्तातील एका अक्षराचा इतिहास हा शेतीच्या इतिहासाशीही जोडलेला आहे.

पाठचिकित्सेशी साम्य

डीएनएवरून मूळ कसे शोधतात हे भाषेच्या शिक्षकाला समजणे मुळीच अवघड नाही, कारण ही पद्धत पाठचिकित्सेची जवळची नातलग आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण केले. उर्दूत ज्याला तदवीन म्हणतात, त्या क्षेत्रात इम्तियाज अली अर्शी यांनी १९५८ मध्ये संपादित केलेल्या दीवान-ए-गालिबचे स्थान मोठे आहे. या सर्व कामांत एक तत्त्व समान आहे. दोन नुस्ख्यांत एकच अनोखी चूक एकाच ठिकाणी आढळली, तर दोन कातिबांनी ती स्वतंत्रपणे केली असण्यापेक्षा दोघांसमोर एकच आधीची प्रत असण्याचा संभव जास्त असतो.

तरीही एकटी चूक पुरेशी नसते. एखादे अक्षर गळणे दोघांकडून स्वतंत्रपणेही घडू शकते. म्हणून संपादक त्या चुकीच्या मागचा-पुढचा मजकूर पाहतो. तिच्या आसपासचे लहानसहान पाठभेदही जुळले, तर नाते पक्के समजतो. डीएनएच्या बाबतीत हेच करतात. बदललेल्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना अशी अनेक ठिकाणे असतात की जिथे माणसामाणसांत अक्षर वेगळे असते. त्या भेदांच्या एकत्रित संचाला हॅप्लोटाइप म्हणतात. आपल्या उपमेत तो चुकीच्या भोवतीचा मजकूर होय.

मूळ पाठ कोणता हे ठरवायलाही उपाय आहे. चिंपांझीच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा आणि बीटा साखळ्या माणसासारख्याच आहेत, आणि त्याच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लच आहे. म्हणजे तेच जुने आणि व्हॅलिन मागाहून आलेले.

काळ मोजण्याची रीतही समजण्यासारखी आहे. पुढच्या पिढीला गुणसूत्र देताना आई-वडिलांपैकी प्रत्येकाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोडीतील तुकड्यांची अदलाबदल होते. एखाद्या कातिबाने अर्धे पान एका नुस्ख्यातून आणि अर्धे दुसऱ्यातून उतरवून घ्यावे तसे हे असते. जितक्या पिढ्या जास्त, तितका बदललेल्या अक्षराभोवतीचा मूळ मजकूर तुटून लहान होत जातो. उरलेल्या सलग मजकुराची लांबी आणि त्यात नव्याने पडलेले फरक यांवरून किती पिढ्या लोटल्या याचा अंदाज बांधता येतो. एका व्यक्तीच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. हजारो व्यक्तींच्या प्रती ताडायच्या तर हे काम हाताने होणारे नाही.

एक मूळ की अनेक?

या पद्धतीची सुरुवात १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे युएट वाय कान आणि अ‍ॅन्ड्री डोझी यांनी केली. डीएनए ठराविक अक्षरांपाशी कापणारे एक विकर त्यांनी वापरले. त्यांना असे आढळले की अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्यक्तींमध्ये सिकलसेलचा बदल बहुतेक वेळा एका विशिष्ट लांबीच्या तुकड्याबरोबरच येतो. बदलाभोवतीचा मजकूर प्रथमच वाचला गेला.

१९८४ मध्ये फ्रेंच संशोधकांच्या गटाने आफ्रिकेतील नमुने तपासले. बेनिन, सेनेगल आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या तीन भागांत बदलाभोवतीचे मजकूर वेगवेगळे निघाले. म्हणून हा बदल आफ्रिकेतच किमान तीनदा स्वतंत्रपणे घडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी पूर्व सौदी अरबस्तान व ओडिशा येथील नमुन्यांत चौथाच मजकूर दाखवला आणि आशियात बदल वेगळा घडल्याचे मत मांडले. या हॅप्लोटाइपला पुढे 'अरब-भारतीय' हे नाव पडले. नंतर कॅमेरूनचा पाचवा प्रकार नोंदला गेला. पाच मजकूर म्हणून पाच उगम, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकवले गेले.

२०१८ मध्ये डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी या सूत्राला आव्हान दिले. नवा रुग्ण न तपासता त्यांनी आधीच जमा झालेल्या आणि संशोधकांना उपलब्ध असलेल्या संपूर्ण जीनोमच्या संग्रहांचा उपयोग केला. एक हजार जीनोम प्रकल्प, आफ्रिकन जीनोम व्हेरिएशन प्रकल्प आणि कतारमधील नमुने मिळून सुमारे तीन हजार व्यक्तींमधून त्यांनी १५६ वाहक निवडले. जुन्या अभ्यासांत मजकुरातील मोजकीच ठिकाणे पाहिलेली होती. येथे सलग मजकूर समोर होता. त्यांना असे दिसले की एक हॅप्लोटाइप मूळ निरोगी पाठापेक्षा केवळ त्या एका अक्षराने वेगळा आहे, आणि बाकीचे त्याच्यापासून फुटलेले दिसतात. यावरून बदल एकदाच घडला, आणि तो सुमारे २५९ पिढ्यांपूर्वी, म्हणजे ७,३०० वर्षांपूर्वी घडला, असे त्यांनी मांडले. त्या काळी आजचे सहारा वाळवंट पाऊसपाण्याचा हिरवा प्रदेश होते.

परंतु पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, लावाल आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील शेतकरी आणि वर्षावनातील शिकारी समाजांच्या नमुन्यांवरून हाच काळ सुमारे २२ हजार वर्षे काढला. त्यांच्या मते शेतकऱ्यांच्या पूर्वजांत बदल आधीपासून होता, आणि वनवासी समाजांकडे तो मागाहून मिश्रणातून आला. अक्षर तेच असूनही दोन उत्तरांत जवळजवळ पंधरा हजार वर्षांचे अंतर पडले. याचे कारण हिशेबाच्या गृहीतकांत आहे. लोकसंख्या किती होती, मलेरियाचा दाब केव्हा वाढला, समाजांचे मिश्रण केव्हा झाले, हे जसे धरावे तसा काळ बदलतो. संगणक गणित चोख करतो, पण गृहीतके माणूसच देतो.

भारताचे स्थान

भारतात या बदलाची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना तो निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमधील रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांची माहिती लॅन्सेटमधून मांडली. लेहमन यांनी १९५४ मध्ये एक धाडसी तर्कही केला होता. बदलाचे मूळ अरबस्तानात असावे आणि तेथून तो पूर्वेकडे भारतात व पश्चिमेकडे आफ्रिकेत गेला असावा, असे त्यांना वाटत होते. तेव्हा डीएनए वाचण्याची सोय नव्हती. केवळ कोठे किती वाहक आढळतात, यावर तो तर्क उभा होता.

दख्खनचा इतिहास शिकवणाऱ्यांच्या मनात येथे आणखी एक प्रश्न येईल. मध्ययुगात हबशी लोक समुद्रमार्गे येथे आले. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला परिचित आहेत. तर हा बदल त्यांच्याबरोबर आला का? आदिवासी पट्ट्यातील जनुकाचा पाठ पाहता तसे म्हणता येत नाही. तो अरब-भारतीय हॅप्लोटाइप आहे आणि आफ्रिकेत आज प्रचलित असलेल्या बेनिन वगैरे पाठांहून वेगळा आहे. मध्ययुगीन स्थलांतरातून तो आला असता, तर आफ्रिकेतील पाठ येथे जसाच्या तसा सापडायला हवा होता, कारण चार-पाचशे वर्षांत इतका फरक पडत नाही.

मग तो येथेच उगवला, की फार प्राचीन काळी आफ्रिकेतून अरबस्तानामार्गे आला? २०१८ चा अभ्यास दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. मात्र त्याने वापरलेले संग्रह नीट पाहिले पाहिजेत. एक हजार जीनोम प्रकल्पात आपल्या उपखंडाचे प्रतिनिधी म्हणून लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, अमेरिकेत ह्यूस्टन येथे राहणारे गुजराती आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकी तमिळ घेतले होते. ज्या गोंड, भिल किंवा निलगिरीच्या समाजांत हा बदल खरोखर आढळतो, त्यांचे नमुने त्यात नव्हते. एखाद्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढताना एका अख्ख्या प्रदेशाच्या पोथ्या बाजूला राहाव्यात, तसे हे झाले. भारत सरकारच्या जीनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. त्यात आदिवासी समाजांचेही नमुने आहेत. भारतीय पाठाचे कोडे सोडवायला अशा संग्रहांची गरज आहे.

मुळाचा शोध आणि माणसाची प्रतिष्ठा

इथवरच्या विवेचनाकडे केवळ विद्वत्तेचा विषय म्हणून पाहता येत नाही, कारण या आजाराच्या मुळाविषयीच्या समजुतींनी माणसांचे नुकसान केले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हा आजार काळ्या वंशाचाच मानला जाई. एखाद्या गोऱ्या रुग्णात तो आढळला, तर निदान तपासण्याऐवजी त्याच्या पूर्वजांत काळे रक्त असल्याचा संशय घेतला जाई. प्रत्यक्षात ग्रीसमध्येही हा बदल आहे आणि तेथे तो बेनिन हॅप्लोटाइपसह आढळतो. समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे लोक शतकानुशतके एकमेकांत मिसळत आले, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची केली. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडचणी आल्या. वाहकांना हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश नाकारण्याचे धोरण १९८१ पर्यंत चालू होते. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे लग्नाआधी तपासणी करण्याचा उपक्रम झाला, तेव्हा वाहक म्हणून माहीत झालेल्या तरुण-तरुणींची लग्ने जमणे कठीण झाल्याचे दिसून आले.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. तपासणीनंतर व्यक्तीला कार्ड दिले जाते. या मोहिमेची गरज वादातीत आहे. परंतु कार्ड हातात आल्यावर ते कोण पाहणार, सोयरीक ठरवताना त्याचा अर्थ काय लावला जाणार, मुलीचे कार्ड आणि मुलाचे कार्ड यांकडे समाज सारख्याच नजरेने पाहणार का, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. ते घरात आणि वर्गात सुटतील.

मुळाच्या शोधाचा एक लाभही नोंदवला पाहिजे. अरब-भारतीय हॅप्लोटाइप असलेल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही तुलनेने अधिक राहते, आणि ते पेशींना विळ्याचा आकार येण्यापासून काही अंशी वाचवते. नवजात बाळांत हा त्रास का दिसत नाही, याचा उलगडा जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच या हिमोग्लोबिनच्या आधारे केला होता. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली एक जनुक-उपचारपद्धती हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. तरीही हॅप्लोटाइपचे नाव पाहून रुग्णाचे भविष्य सांगता येत नाही. भारतीय प्रकार सौम्य असतो असे सरसकट म्हटले जात असे, पण नागपूरच्या रुग्णालयांतील अनुभवाने विदर्भात गंभीर रुग्णही पुष्कळ असल्याचे दाखवून दिले. 'सौम्य' या शब्दावर विसंबून एखाद्या मुलाच्या वेदनेकडे दुर्लक्ष झाले, तर तो दोष मुळाच्या नावाचा नसून ते नाव वापरणाऱ्याचा असेल.

समारोप

जैवमाहितीशास्त्राने सिकलसेलच्या मुळाविषयी जे सांगितले ते डीएनएच्या एका लहान तुकड्याविषयी आहे. कोणत्याही जमातीच्या, जातीच्या किंवा धर्माच्या मुळाविषयी त्यात काही नाही. ज्या व्यक्तीच्या अकराव्या गुणसूत्रावर हा तुकडा आहे, तिचे बाकीचे सर्व डीएनए इतर हजारो वाटांनी आलेले आहे. एका शब्दाच्या पाठभेदावरून कवीचे कुळ ठरवू नये, तसेच हे आहे. शिवाय हा निष्कर्ष १९८४ मध्ये एक, २०१८ मध्ये दुसरा आणि २०१९ मध्ये काळाच्या बाबतीत तिसरा होता. भारतीय नमुने नीट वाचले गेले की त्यात आणखी भर पडेल. हा त्या शास्त्राचा कमकुवतपणा नाही. नवी पोथी सापडली की संपादक आपला पाठ पुन्हा तपासतो, तोच हा प्रामाणिकपणा आहे.

म्हणून विज्ञान, इतिहास आणि भाषा शिकवणाऱ्या आपण सर्वांनी हा विषय वर्गात एकत्र मांडावा असे सुचवावेसे वाटते. विज्ञानाच्या शिक्षकाने वाहक आणि रुग्ण यांतील फरक नीट समजावून द्यावा, इतिहासाच्या शिक्षकाने शेती, मलेरिया आणि स्थलांतर यांचा संबंध सांगावा, आणि भाषेच्या शिक्षकाने पाठचिकित्सेच्या आधारे पुरावा कसा वाचतात ते दाखवावे. 'हा आजार आमच्यातच का?' या प्रश्नाचे उत्तर मग असे देता येईल : तो केवळ तुमच्यात नाही. ओडिशापासून अरबस्तानापर्यंत, आफ्रिकेपासून ग्रीसपर्यंत तो आहे. तुमचे पूर्वज मलेरियाच्या मुलखात जगले आणि टिकून राहिले, त्याची ही खूण आहे. ती खूण असणे हा कोणाचा कमीपणा नाही. तपासणी करून घेणे आणि वेळेवर उपचार घेणे हे मात्र आज आपल्या हातात आहे.